चांदोमामाची कोर आडवी की उभी?

चांदोमामाचे गाणे तुम्हांला कोणी शिकवले ते आठवते का? बहुतेकांना आठवणार नाही. संध्याकाळी ओट्यावर किंवा गच्चीत नेऊन वरणभाताचा एकेक घास भरवता भरवता आजीने किंवा आईने ते कानांवर घातले, आणि बोलता येऊ लागले तेव्हा ते आपोआप तोंडात आले. आजीला ते तिच्या आजीकडून मिळाले. कोणी रचले, कधी रचले, काही पत्ता नाही. पावसाला पैशाचे आमिष दाखवणारे गाणे तसेच, आणि बोटे मोजत म्हणायची गाणीही तशीच.

अशा गाण्यांवर चित्रे काढण्याच्या स्पर्धा शाळांतून होतात. कल्पना चांगली आहे. गाणे लहानपणापासून पाठ असते, त्यामुळे काय काढावे म्हणून डोके खाजवत बसावे लागत नाही. परंतु या चित्रांविषयी माझी एक तक्रार आहे. ती तुमच्याविरुद्ध जितकी आहे त्याहून अधिक माझ्यासारख्या मोठ्या माणसांविरुद्ध आहे. म्हणून आधी माझ्या हातून घडलेली चूक सांगतो.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे २८ फेब्रुवारीला, एका शाळेने बालगीतांवरील चित्रांची स्पर्धा ठेवली होती. विज्ञान दिन आहे, तेव्हा परीक्षकही विज्ञानाचाच हवा, असे संयोजकांना वाटले असावे. मलाही तेव्हा तसेच वाटले.

साठ-सत्तर चित्रे भिंतीवर लावलेली होती. निम्म्याहून अधिक चित्रांत चांदोमामा होता. पहिला क्रमांक मी ज्या चित्राला दिला त्यातील चंद्रकोर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी ताठ उभी होती. तिला टोकदार नाक, डोक्यावर झोपताना घालायची गोंड्याची टोपी, आणि कोरीच्या पोकळीत एक झगमगीत चांदणी. खाली आई बाळाला भरवत होती आणि मागे घराच्या उतरत्या छपरावर धुराडे होते. रंग रेषेबाहेर कोठेही गेला नव्हता.

त्याच भिंतीवर खालच्या ओळीत पाचवीतील एका मुलीचे चित्र होते. तिची कोर आडवी होती, दोन्ही टोके वर, अगदी भाकरीच्या तव्यासारखी. शिवाय त्या तव्यात पेन्सिलीने फिका गोल काढलेला होता, जणू आधी पूर्ण चंद्र काढला आणि मग पुसायचा राहिला. मी तिला विचारले, “असा चंद्र कोठे पाहिलास, बाळ?” ती म्हणाली, “आमच्या ओट्यावरून दिसतो, सर.” मी हसलो. लाल पेन्सिलीने चित्राखाली दोन शेरे मारले: ‘कोर चुकीची’ आणि ‘खाडाखोड’. दहापैकी तीन गुण दिले.

त्यानंतर महिनाभराने पाडवा झाला. पाडव्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी पाण्याची टाकी भरली का, हे पाहायला मी गच्चीवर गेलो. सूर्य मावळून अर्धा तास झाला असेल. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर होती आणि ती आडवी होती. थोडी कललेली वगैरे नव्हे. होडी पाण्यावर तरंगावी तशी सपाट, दोन्ही टोके वर. टाकी भरून वाहू लागली तरी मी तेथेच उभा होतो.

लाज कशाची वाटली ते सांगतो. क्रांतिवृत्त म्हणजे काय, ते क्षितिजाशी किती अंशांचा कोन करते, हा कोन अक्षांशाप्रमाणे कसा बदलतो, ही उदाहरणे मला सोडवता येतात. पण त्या उदाहरणाच्या उत्तराकडे, आकाशात डोळ्यांनी, मी कधी पाहिलेच नव्हते. जे चित्र मी चूक ठरवले ते पाचवीतल्या मुलीने ओट्यावरून पाहून काढले होते, आणि जे पहिले ठरवले ते कोणत्या तरी पुस्तकातून उतरवलेले होते.

आता यामागचे विज्ञान पाहू. एक पांढरा चेंडू घ्या. अंधाऱ्या खोलीत तो हात लांब करून डोळ्यांसमोर धरा. मित्राला सांगा, की बॅटरी चेंडूच्या पलीकडे आणि बरीच खाली धर. चेंडूची फक्त खालची कड उजळेल: झाली आडवी कोर! आता बॅटरी पलीकडेच पण उजवीकडे न्यायला सांगा. उजवी कड उजळेल आणि कोर उभी राहील. म्हणजे कोरीची फुगीर बाजू नेहमी दिव्याकडे असते. आकाशातील दिवा म्हणजे सूर्य. कोर हे धनुष्य समजा. त्यावर बाण लावून सोडला तर तो मावळलेल्या सूर्याच्या दिशेने जाईल. मग संध्याकाळी सूर्य चंद्राच्या थेट खाली असेल तर कोर आडवी, आणि बाजूला असेल तर कोर उभी, इतके सोपे आहे.

सूर्य आकाशात ज्या मार्गाने वर्षभर सरकतो त्याला क्रांतिवृत्त म्हणतात. चंद्रही या मार्गाच्या आसपासच, फार तर पाच अंश इकडेतिकडे, असतो. मार्च महिन्यात सूर्यास्ताच्या वेळी हे क्रांतिवृत्त महाराष्ट्रात क्षितिजावर जवळजवळ काटकोनात उभे असते. त्यामुळे बीज-तृतीयेचा चंद्र सूर्याच्या डोक्यावर येतो आणि कोर होडीसारखी दिसते. त्याच वेळी लंडनमध्ये हा कोन सुमारे ६२ अंशांचा असतो. सप्टेंबरात पुण्याला तो सुमारे ४८ अंशांवर येतो, म्हणून आपली कोरही बरीच कलते. आणि लंडनला तर तो जेमतेम १५ अंश उरतो. तेथील शरद ऋतूतल्या संध्याकाळी चंद्र सूर्याच्या बाजूला, क्षितिजालगत रेंगाळतो आणि त्याची कोर खरोखरच ताठ उभी असते.

हे पडताळून पाहायला दुर्बीण लागत नाही. माघ, फाल्गुन, चैत्र या महिन्यांत शुद्ध द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंत संध्याकाळी पश्चिमेला पाहा. मग भाद्रपदात पुन्हा पाहा. (भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा चंद्र पाहू नये असे घरी सांगतील. मी पाहतो, पण वाद नको असेल तर तृतीयेचा किंवा पंचमीचा पाहा, कल तोच असतो.) पहाटेच्या कोरीचे वेळापत्रक उलटे असते. दिवाळीत वसुबारसेला पहाटे उठलात तर पूर्वेकडे पुन्हा तीच होडी दिसेल.

आणखी एक. संध्याकाळच्या कोरीची फुगीर बाजू खाली किंवा खाली उजवीकडे असते. इंग्रजी ‘सी’ची फुगीर बाजू डावीकडे. म्हणजे माझ्या पहिल्या क्रमांकाच्या चित्रात बाळ संध्याकाळी जेवत होते आणि चंद्र सूर्याकडे पाठ फिरवून उलट्या बाजूने उजळला होता. राहिली कोरीच्या पोकळीतली चांदणी. ती पोकळी नसतेच! तेथे चंद्राचा अंधारातला भाग असतो, भरीव दगडाचा. त्यातून मागची चांदणी दिसणार कशी?

मग ही उभी, टोपीवाली कोर आपल्या चित्रांत आली कोठून? बालगीतांची सुंदर रंगीत पुस्तके छापण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बहरली. रँडॉल्फ कॅल्डिकॉटने गायीच्या चंद्रावरील उडीच्या गाण्याचे चित्रपुस्तक १८८२ मध्ये काढले. केट ग्रीनअवेचे ‘मदर गूज’ १८८१ चे. या मंडळींचा काही दोष नाही. त्यांनी आपल्या गावची कुंपणे, आपल्या शेजारपाजारचे कपडे आणि आपल्या डोक्यावरचे आकाश काढले. पुढे अशा पुस्तकांच्या नकला, नकलांच्या नकला होत तक्ते, पाट्या, वह्यांची वेष्टने तयार झाली. आपण डोक्यावरचे आकाश सोडून त्या तक्त्यावरचे आकाश उतरवू लागलो.

छापील चित्राची ताकद केवढी असते, याचे एक उदाहरण देतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत भिंतीवरून पडणाऱ्या हम्टी डम्टीचे गाणे म्हणतात. तो कसा दिसतो, असे विचारले तर कोणीही सांगेल: अंड्यासारखा. पण त्या गाण्यात अंड्याचे नावही नाही. ते मुळात कोडे होते आणि अंडे हे त्याचे उत्तर. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुईस कॅरॉलच्या पुस्तकात जॉन टेनिएलने हातपाय असलेले अंडे भिंतीवर बसवले. ते चित्र इतके गाजले की आता उत्तर आधी माहीत असते आणि कोडे कोडे राहिलेच नाही.

हे सारे मी आमच्या ओळखीच्या एका चित्रकला शिक्षकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “सर, जेथे गाय चंद्रावरून उडी मारते, चंद्राला मामा म्हणतात, तेथे तुम्ही कोर किती अंशांत वळली ते मोजत बसणार? मुलांच्या कल्पनेचे पंख कापू नका.”

त्यांचा प्रश्न रास्त आहे. गाय खुशाल उडी मारू दे. चांदोमामाला डोळे, मिशा, हवे तर पुणेरी पगडीही असू दे. मुलाने कल्पनेने जे घातले त्याला हात लावायचा अधिकार पदार्थविज्ञानाला नाही. माझे म्हणणे इतकेच, की गोंड्याची टोपी ही मुलाची कल्पना नव्हती. ती दुसऱ्या कोणाची तरी होती, आणि कल्पना म्हणून मी तिला बक्षीस दिले.

याचे उलट उदाहरणही सांगतो. आकाशातील चंद्र अर्ध्या अंशाएवढा दिसतो. हात लांब करून करंगळीचे टोक धरले तर तो पूर्ण झाकला जातो. चित्राचा कागद डोळ्यांपासून ५० सेंटिमीटरवर धरला, तर हिशेबाने त्यावरचा चंद्र साडेचार मिलिमीटरपेक्षाही लहान हवा, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. पण तुम्ही सगळे तो पुरीएवढा काढता. ही चूक आहे का? मला नाही वाटत. क्षितिजावर उगवणारा पौर्णिमेचा चंद्र केवढा थोरला वाटतो! फोटो काढला तर तो माथ्यावरच्या चंद्राएवढाच निघतो. मोठा वाटणे हे आपल्या मनाचे काम आहे. पण ते मन तुमचे स्वतःचे आहे, आणि तुम्हांला चंद्र खरोखरच तसा वाटला आहे. तेव्हा पुरीएवढा चंद्र काढणाऱ्याचे गुण मी कापणार नाही. ताठ कोर मात्र महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलाने कोठे पाहिली, हे मी जरूर विचारीन.

पौर्णिमेच्या चंद्रातला ससा काढणारे तर मला फार आवडतात. त्यांना एवढेच सुचवतो, की चंद्र उगवताना ससा कसा बसला आहे ते काढून ठेवा आणि पहाटे मावळताना पुन्हा काढा. रात्रभरात तो जवळजवळ उलटा झालेला असतो. का, ते तुम्हीच शोधा.

पावसाच्या गाण्याचेही असेच. पावसाचे थेंब म्हटले की सगळे जण वर टोक, खाली फुगवटा असा अश्रूचा आकार काढतात. पडणारा थेंब तसा नसतो. एक मिलिमीटरचा थेंब जवळजवळ गोल असतो; मोठा थेंब हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, पावासारखा; आणि पाचसहा मिलिमीटरच्या पुढे गेला की बहुधा फुटतो. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही, कारण मोठे थेंब सेकंदाला आठनऊ मीटर वेगाने येतात. दिसतात त्या नुसत्या रेघा. म्हणून पावसाच्या रेघा काढणारा मुलगा बरोबर. मग अश्रूचा आकार अगदीच खोटा का? तोही नाही. कौलांच्या कडेला पागोळी लोंबत असते तेव्हा सुटण्याच्या आधी क्षणभर तिचा आकार नेमका तसा असतो. पागोळ्यांना तो आकार द्या आणि आभाळातल्या पावसाला रेघा द्या. एकाच चित्रात दोन्ही बसतात, आणि ते चित्र पाहणाऱ्याला कळते की हे कोकणातले किंवा मावळातले घर आहे.

विज्ञानाच्या मासिकात चित्रकलेवर इतके लिहिण्याचे कारणही सांगतो. १६०९ च्या जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले. गॅलिलिओच्या आधी काही महिने. हॅरियट हा मोठा गणिती होता. पण त्याच्या त्या पहिल्या चित्रात उजेड आणि अंधार यांच्यामधली एक वेडीवाकडी रेघ आहे, बस्स. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने तोच चंद्र पाहिला आणि जलरंगांत रंगवला. गॅलिलिओला चित्रकलेचे उत्तम अंग होते. उजेडाच्या ठिपक्याशेजारी सावली पडली आहे म्हणजे तेथे उंचवटा असला पाहिजे, हे छायाप्रकाश काढणाऱ्या हाताला चटकन उमगते. चंद्रावर डोंगर आणि दऱ्या आहेत हे त्याने १६१० मध्ये जगाला सांगितले. दुर्बीण दोघांकडेही होती.

आता त्या मुलीच्या चित्रावरचा माझा दुसरा शेरा, ‘खाडाखोड’, याकडे येतो.

टाकी वाहू लागली त्या संध्याकाळी मला फक्त आडवी कोर दिसली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गच्चीवर गेलो आणि अंधार पडेपर्यंत थांबलो. हळूहळू कोरीच्या आत, तिच्या दोन टोकांवर टेकलेला, राखेच्या रंगाचा पूर्ण गोल दिसू लागला. तो चंद्राचा काळोखी भाग होता. तेथे सूर्याचा उजेड पोचत नाही, पण पृथ्वीचा पोचतो. आपल्याला चंद्र कोरीएवढा दिसतो तेव्हा चंद्रावरून पृथ्वी जवळजवळ पूर्ण दिसत असते, आणि ती चंद्राच्या सुमारे तेरा पट क्षेत्रफळाची. म्हणजे तेथे पृथ्वीचे लख्ख चांदणे पडलेले असते. ते परतून आपल्या डोळ्यांत येते. लिओनार्दो द विंचीने सोळाव्या शतकाच्या आरंभी याचे कारण ओळखले होते. त्याला वाटले, आपल्या समुद्रांवरून हा उजेड जातो. प्रत्यक्षात त्यात ढगांचा वाटा मोठा आहे. पण मुख्य गोष्ट त्याला कळली होती, आणि तोही चित्रकारच.

पेन्सिलीने काढलेला तो फिका गोल पुसायचा राहिला नव्हता. तिने तो पाहिला होता आणि तितकाच फिका काढला होता.

मी शाळेत गेलो. चित्रे प्रदर्शनानंतर रद्दीत गेली होती. चित्रांच्या मागे नावे नव्हती, फक्त क्रमांक होते, आणि क्रमांकांची यादी कोणाला सापडेना. पाचवीच्या वर्गावर जाऊन विचारले, तर परीक्षा संपून सुट्टी लागली होती. जूनमध्ये पुन्हा गेलो तेव्हा शिक्षिका म्हणाल्या, की दोन मुली वडिलांच्या बदलीमुळे गाव सोडून गेल्या. त्यांतली एक असेल.

हे मासिक तिच्या हाती पडले तर तिला सांगायचे आहे, की ते तीन गुण आणि दोन्ही शेरे मी मागे घेतले आहेत. किती गुण द्यायला हवे होते ते मात्र अजून ठरवता आलेले नाही. चित्र पुन्हा पाहायला मिळते तर बरे झाले असते. तव्याच्या डाव्या बाजूला तिने आणखी एक ठिपका काढला होता. तो शुक्र होता की लाल पेन्सिलीचा माझाच डाग, हे मला आता आठवत नाही.